जमादारांनी हलवलेली कचेरी

जमादार कुठल्याही सरकारी कचेरीत खुर्चीवर बसत नसत. कितीही आग्रह करा, भिंतीला पाठ लावून उभे. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "ताई, बसलं की च्या येतो. च्या पेलो की वळख निघती. मंग धाड कशी घालावी?"

ते मूळचे धावड्याचे. पोलीस खात्यातून आमच्याकडे प्रतिनियुक्तीवर, म्हणजे काही वर्षांपुरते उसने आलेले. जालन्यातली लाच पकडणारी आमची कचेरी तेव्हा नवी होती आणि पोलीस ठाण्याच्याच आवारात थाटली होती. मी तिथे टायपिस्ट. तक्रारदार फिरकतच नव्हता. आम्ही माशा मारत होतो आणि 'तक्रार निरंक' असा अहवाल मी दर महिन्याला मोठ्या ऐटीत टाइप करत होते.

भोकरदनच्या एक अंगणवाडी सेविका आवारात येतात आणि तशाच परत जातात, हे एकट्या जमादारांनी हेरलं. त्यांनी बाईंना रस्त्यावर गाठलं. बाईंची स्कूटी ठाण्यात जप्त होती आणि ती सोडायला ठाण्याचे निरीक्षकच पैसे मागत होते. "त्याच्याच दारातून त्याची तक्रार करायला कसं यावं, भाऊ?" बाई म्हणाल्या.

जमादार हट्टाला पेटले. आमच्या कचेरीच्या साहेबांच्या मागे लागून, गावभर पायपीट करून त्यांनी एसटी स्टँडमागे दोन खोल्या शोधल्या. कचेरी हलली आणि आठवड्यात बाईंची तक्रार लेखी आली.

आता खरी पंचाईत होती. जमादार त्याच ठाण्याचे, मुदत संपली की परत तिथंच जायचे. सापळ्याच्या दिवशी रजा टाका, असं साहेबांनी त्यांच्या भल्यासाठीच सुचवलं.

"मी रजा टाकली तर त्या बाईनं कोणाच्या भरवशावर यावं, साहेब?" जमादार म्हणाले. सापळ्यात पैसे घेताना निरीक्षकांचा हात त्यांनीच धरला.

मुदत संपल्यावर त्यांना कार्यमुक्त करण्याचा आदेश मीच टाइप केला. डोळ्यांतलं पाणी आवरेना. निरीक्षक निलंबित होते, पण त्यांची माणसं ठाण्यातच होती. त्यांनी जमादारांना निवृत्तीपर्यंत फाटकावर, भर उन्हात पहाऱ्याला ठेवलं. मला फार संताप यायचा.

ते परत गेले त्याच वर्षी आमच्याकडे तक्रारी भराभर वाढल्या. साहेबांनाही नवल वाटलं. इथला पत्ता कुणी दिला, असं ते आलेल्या माणसाला विचारू लागले.

"ठाण्याच्या फाटकावर एक जमादार हायेत," लोक सांगायचे, "त्यांनी धाडलं."