दातांनी ऐकणारा मिस्त्री

पेचकसाचं टोक गिअरबॉक्सवर टेकवायचं, मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. आमच्या वणीतले एक मिस्त्री गाडी अशी ऐकायचे. इंजिन सुरू असायचं, शेडचा पत्रा थरथरायचा आणि हा साठी ओलांडलेला माणूस वाकून, तोंडात पेचकस धरून मिनिटभर निश्चल. मग मूठ रुमालाने पुसून सांगायचे, "पुढचं बेअरिंग गेलं." उघडल्यावर पुढचंच बेअरिंग गेलेलं असायचं.

कानांनी त्यांना फारसं ऐकू येत नव्हतं. कोळसा खाणीच्या वर्कशॉपात तीस वर्षं डंपर दुरुस्त केले होते. "कान खाणीत जमा करून आलो, बाई," ते म्हणायचे. "दात तेवढे घरी आणले."

त्या पेचकसाची मूठ लाकडी होती आणि तासून तासून पट्टीसारखी चपटी केलेली. मला वाटायचं, पकड नीट बसावी म्हणून केली असेल.

एक शब्द त्यांना चालत नसे, 'असन', म्हणजे असेल. गिऱ्हाईक म्हणालं, "ऑइल बरोबर असन," की ते हातातलं काम थांबवायचे. "असन कायले? पाहा ना." ट्रक ड्रायव्हर हसायचे, पण ऑइल मोजायची कांडी ओढून पाहायचे. मी गणिताची शिक्षिका, त्यामुळे मला हा माणूस पहिल्याच दिवशी पटला.

मी त्यांच्याकडे गेले ती जीप घेऊन. म्हणजे जीप टोचन करून आणली होती आणि तिचा गिअरबॉक्स बिस्किटांच्या तीन डब्यांत होता. ही जीप माझ्या नवऱ्याने एका सरकारी लिलावात घेतलेली, आमच्या दोघांच्याही वयापेक्षा जुनी. लग्नानंतर मला गाडी चालवायला त्याने तिच्यावरच शिकवलं. मग एका वर्षी त्याने गिअरबॉक्स खोलला. दिवाळीच्या आधी एका सकाळी आंघोळीला जातो म्हणून उठला आणि पलंगाजवळच पडला. डबे ओसरीवर तसेच राहिले.

लोक भेटायला यायचे आणि माझ्या तोंडाकडे पाहायचे. रडू येईल म्हणून मीही वाट पाहिली. आलं नाही. मी जेवत होते, शाळेत जात होते, नववीला बीजगणित शिकवत होते. पुण्याहून मुलगी फोनवर म्हणाली, "आई, ती जीप भंगारात दे." मी हो म्हटलं. नंतर ती का दिली नाही, ते मला सांगता येणार नाही. नाही म्हणण्याइतकंही मनात काही नव्हतं.

मिस्त्रींनी डबे उघडले. एक गिअर उचलला, त्याच्या दातांवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"कोनं खोललं हे?"

"माझ्या नवऱ्याने," मी त्यांच्या समोर उभी राहून मोठ्याने म्हटलं. ओठ दिसले की त्यांना समजायचं.

"ते नाही आले?"

"वारले."

 ते गिअर उजेडात धरून फिरवत राहिले. मग म्हणाले, "चांगलं खोललं. कुठंच ठोकलं नाही. पाना लावून, सबुरीनं खोललं."

तोवर माझ्या नवऱ्याला देवमाणूस म्हणणारे पुष्कळ भेटले होते. तो देवमाणूस नव्हता. तो पाना लावून सबुरीने खोलणारा माणूस होता. त्याच्याबद्दल खरं बोललेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"होईल का?" मी विचारलं.

"धुतल्याबिगर नाही सांगता येत." त्यांनी माझ्यापुढे डिझेलचं घमेलं सरकवलं आणि एक ब्रश ठेवला. "रविवारी सुट्टी राहते ना तुम्हाले?"

असे माझे रविवार सुरू झाले. शेडच्या दाराशी स्टुलावर बसून मी दातेरी चाकं, वॉशर, शाफ्ट धूत असे. ते आत काम करत. दोघंही फार बोलत नसू. त्यांना ऐकू येत नव्हतं आणि मला बोलायचं नव्हतं. अकराच्या सुमारास मागच्या घरातून वहिनी, म्हणजे त्यांच्या बायको, चहा आणायच्या. "जयभीम, बाई," म्हणून कप ठेवायच्या आणि नवऱ्याच्या खिशाकडे पाहायच्या. खिशात खर्ऱ्याची, तंबाखू-सुपारीची पन्नी असली तर काढून घेऊन जायच्या. ते तिसऱ्या दिवशी दुसरी आणायचे.

सुटे भाग नागपूरहून यायला वेळ लागे. काही मिळतच नसत. मग ते दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा भाग आणून घासून बसवायचे. सगळ्यात किचकट होता तो खालच्या शाफ्टवरचा गिअर. त्याच्या आतल्या बाजूने सुईसारखे बारीक रोलर एकाशेजारी एक उभे राहतात, मक्याच्या कणसावर दाणे असतात तसे. ग्रीज लावून चिकटवायचे आणि शाफ्ट आत जाईपर्यंत ते पडू द्यायचे नाहीत. मिस्त्रींनी बाभळीच्या लाकडाचा बरोबर त्या मापाचा दांडा तासला होता. आधी दांडा आत, मग रोलर, मग खरा शाफ्ट दांड्याला ढकलत पुढे येतो.

"मोजा," ते म्हणाले.

मी मोजले. "सगळे आहेत."

"आहेत, का असन?"

मी पुन्हा मोजले. ते समाधानाने मान हलवत होते. त्या रविवारी घरी जाताना मला भूक लागली होती, एवढं आठवतं. बऱ्याच दिवसांनी लागली होती.

गिअरबॉक्स बंद केला तेव्हा कपाशी कमरेला आली होती. मिस्त्रींनी तोंडाला गमछा बांधला होता. "दाढ दुखून राह्यली," म्हणाले. चहा त्यांनी बशीत ओतून कडेने ओढून घेतला. मी विचारलं, "सगळं पाहिलं ना, मिस्त्री?"

"पाहिलं," ते म्हणाले, आणि पाने आवरायला वळले.

जीप चालली. पण चौथ्याच दिवशी मारेगाव रस्त्याच्या उतारावर मी ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल सोडला आणि दुसरा गिअर आपोआप निसटला. गिअरचा दांडा माझ्या हातावर आदळला. खालून घरघर येत होती. दुसऱ्या दिवशी शेडवर गेले तर कुलूप होतं. शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं, नागपूरला नेलं, तोंडाचं निघालं.

वहिनी मधे एकदा कपडे न्यायला वणीत आल्या तेव्हा भेटल्या. खालचा डावा जबडा काढावा लागणार होता. त्या हिशेब सांगितल्यासारखं सगळं सांगत होत्या. "तीन सालापासून तोंड मिटत चाललं होतं त्याईचं. दोन बोटं जाईनात. त्या पेचकसाची मूठ पाहिली ना तुम्ही? तोंड जेवढं बारीक झालं तेवढी ते मूठ तासत गेले. मी म्हटलं, डॉक्टरले दाखवा. तं म्हणे, अजून मावते ना."

मी वर्षभर ती मूठ पाहत होते. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हालाही ती नुसती पेचकसाची मूठच दिसली असती, असं मी स्वतःला सांगते.

तीन महिन्यांनी एका दुपारी ते माझ्या दारात उभे होते. सोबत वहिनी. चेहऱ्याची डावी बाजू आत गेलेली, तिच्यावरून गमछा. नाकात अन्नाची नळी. बोलणं समजत नव्हतं. त्यांनी जीपकडे बोट दाखवलं, मग शेडच्या दिशेने.

"आधी बरे व्हा," मी म्हटलं.

वहिनी म्हणाल्या, "मी सांगून थकली, बाई. दवाखान्यात खाटेवर बी हातानं गिअर बदलून राह्यले होते."

शेडमध्ये मागची चाकं जमिनीवरून उचलून आस विटांवर टेकवला. त्यांनी मला इंजिन सुरू करून दुसरा गिअर टाकायला लावला, मग बाहेर बोलावलं आणि पेचकस माझ्यापुढे धरला. मूठ माझ्या बाजूला.

मला कळायला थोडा वेळ लागला. मी मूठ पदराने पुसली आणि दातांत धरली. त्यांनी माझं मनगट धरून टोक पुढच्या बाजूला टेकवलं.

गाडी माझ्या डोक्याच्या आत सुरू झाली. कानाने ऐकतो तसं ते नव्हतं. कवटीत, डोळ्यांच्या मागे, सगळीकडे एकच गुणगुण होती. वर्षभर माझ्या आत इतकं काही पोचलं नव्हतं.

मी पेचकस काढला. "गोल आहे. एकसारखा."

त्यांनी मान हलवली आणि टोक मागच्या बाजूला नेलं. तिथे वेगळं होतं. ज्वारीसोबत खडा दळला जावा तसं, थांबून थांबून.

"इथे खर्र होतंय," मी म्हटलं. "मधे सुटतं, पुन्हा होतं."

त्यांनी इंजिन बंद करायची खूण केली. खडू घेतला आणि खाली बसून फरशीवर लिहू लागले. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं होतं. *मागचं बेअरिंग. पाहिलं म्हणालो होतो. पाहिलं नव्हतं. तोंड उघडत नव्हतं.*

"असू द्या, मिस्त्री."

त्यांनी मान हलवली, नाही. खडूचं बोट 'पाहिलं नव्हतं'वर ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. मी ते वाचलं, हे त्यांना दिसायला हवं होतं. मी दोनदा वाचलं, मोठ्याने. मग त्यांनी पाय फिरवून ते पुसलं.

सहा दिवस लागले. ते थोडं काम करत, मग पोत्यावर आडवे होत. रजा घेऊन मी धूत होते, मोजत होते, बोल्ट कसत होते. त्यांच्या हाताला कंप नव्हता. शेवटी पुन्हा मीच पेचकस दातांत धरला आणि त्यांनी भुवया वर करून विचारलं. "गोल," मी म्हटलं. त्यांनी मला तीन वेगवेगळ्या जागी पुन्हा ऐकायला लावलं.

मारेगावच्या उतारावर ते माझ्या शेजारी बसले होते. दुसरा गिअर. त्यांनी हाताने खूण केली, पाय सोडा. मी सोडला. दांडा जागचा हलला नाही. ते बाहेर वेचणीला आलेल्या कपाशीकडे पाहत होते, उतार संपेपर्यंत त्यांनी वळून पाहिलं नाही. मग आपल्याच गुडघ्यावर दोन थापा मारल्या.

संक्रांतीनंतर ते गेले. मी मातीला गेले, वंदना झाली, लोक पांगले. तिथेही मला रडू आलं नाही. आता त्याचं मला नवल वाटेनासं झालं आहे.

महिन्याभराने वहिनींना राळेगावला बहिणीकडे जायचं होतं. म्हटलं, मी सोडते. त्या पिशवी मांडीवर घेऊन पुढे बसल्या. वणी मागे पडल्यावर म्हणाल्या, "पस्तीस सालात त्याईनं किती गाड्या केल्या, गिनती नाही. मी पहिल्यांदाच बसली एकात."

 कोळशाचे ट्रक ओलांडून आम्ही पुढे गेलो. मारेगाव यायच्या आधीच त्यांची मान कलली. चार महिने नळीतून दर दोन तासांनी अन्न घातलेली बाई, ती त्या खडखडणाऱ्या जीपमध्ये लहान मुलासारखी झोपली. वडकीच्या फाट्यावर मी गाडी अगदी सावकाश वळवली.

राळेगावला बहिणीच्या दारापुढे थांबले. बहीण बाहेर आली, मी तिला हाताने थोपवलं. आवाज थांबला तर वहिनींना जाग येईल असं मला वाटलं. म्हणून मी गिअर काढून ठेवला आणि इंजिन सुरूच राहू दिलं.