शेवटच्या बाकावरचे झाडे सर

झाडे सर गेल्याचं मला वर्ध्याच्या एस.टी. स्टँडवर कळलं. एका जुन्या विद्यार्थिनीनं सांगितलं आणि सांगता सांगता तीच रडू लागली. मी मात्र बस लागली तशी चढले, देवळीला उतरून शाळेत गेले, तास घेतले... बातमी कानावर पडली होती, आत शिरली नव्हती.

सत्तरच्या दशकात गणिताच्या पुस्तकात 'संच' आले आणि आमच्या शाळेतल्या भल्याभल्या मास्तरांची पाचावर धारण बसली. मी तर नवीकोरी, मराठीची पदवीधर. दुसरं कुणी मोकळं नाही म्हणून आठवीच्या मुलींचं गणित माझ्या गळ्यात पडलेलं. एकीनं विचारलं, "बाई, ज्याच्यात काहीच नाई, त्याले संच काऊन म्हणाचं?" मी घाईघाईनं फळा पुसून पुढचं उदाहरण घेतलं. मधल्या सुट्टीत झाडे सरांना, म्हणजे आमच्या सर्वांत ज्येष्ठ गणितशिक्षकांना, सांगून टाकलं की मी नोकरी सोडते, पोरींचं नुकसान नको. त्यांनी समजूतही घातली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला शेवटच्या बाकावर अंग चोरून बसले आणि मुलींसारखा हात वर करून म्हणाले, "बाई, रिकाम्या डब्याले डबा म्हणतेत का नाई?" मुली हसल्या, मीही हसले आणि त्यांना समजावता समजावता ते मलाच उमगलं. नोकरी सुटली नाही. गणितही सुटलं नाही.

त्यांचा कधी कधी रागच यायचा. सरळ उत्तर द्यायला काय जातं माणसाचं, असं वाटायचं. दर रविवारी आसपासच्या गावांतले शिक्षक अडलेलं गणित घेऊन त्यांच्या घरी यायचे, आणि सर तासन्तास उलट त्यांनाच प्रश्न विचारत बसायचे.

तेरवीनंतरच्या रविवारी मी सरांच्या घरी गेले, तर काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली. "लोक येतीन नं," म्हणाल्या. सिंदीहून एक तरुण शिक्षिका आली. सर गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. काकूंनी सांगितल्यावर ती परत निघाली, तर काकूंनीच तिला थांबवून माझ्याकडे बोट दाखवलं. ऋण गुणिले ऋण धन का होतं, हे मुलांना कसं सांगावं ते तिला कळत नव्हतं. मी वर्षानुवर्षं शिकवलेलं ते, भराभर सांगून टाकलं. तिनं उतरवून घेतलं, आभार मानले आणि गेली.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. "इतक्यात झालं?" त्यांनी विचारलं. तेव्हा मला रडू आवरलं नाही.