पाचवा मुद्दा

वाचनालयाचे सेक्रेटरी आमच्या घरी आले, न सांगता बसले आणि दुसऱ्यांदा चहा घेतला, तेव्हाच मला खटकलं. एरवी ते बाबांशी रस्त्यावरूनच बोलत.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. कोकणी राजभाषा झाल्यामुळे मराठीवाले चिडले होते, आणि आमच्या गावात, पार्सेत, ते आपला राग कोकणीतूनच काढत. बाबा गावच्या मराठी शाळेचे मास्तर. पण मला त्यांनी म्हापशाला मामाकडे ठेवून नन्सच्या इंग्रजी शाळेत शिकवलं होतं. गाव ते विसरलं नव्हतं. "दुसऱ्यांच्या पोरांक अ आ इ, आपल्या चेडवाक एबीसीडी," असं लोक बाबांना ऐकू जाईल इतक्याच हळू बोलत.

"वाचनालयाच्या वाढदिवसाक तू मराठीतून भाषण कर गो बाय," सेक्रेटरी म्हणाले.

"मी? मी शाळेतसुद्धा कधी स्टेजवर गेले नाही."

"म्हणानच. नवी तोंडा होयी आमका. मुद्दे काढ आणि माका दाखव."

बाबांचा चेहरा इतका खुलला होता की मला नाही म्हणता आलं नाही.

नन्सनी शिकवलं होतं तसं मी केलं. आधी सुरुवात, मग चार मुद्दे, मग शेवट. प्रत्येक मुद्द्याखाली एक बारीक फुली, म्हणजे तिथे टाळ्यांसाठी थांबायचं. राज्य म्हणजे काय, वाचनालयातली माझी सुट्टी, घरी बोलतो ती भाषा, आणि वाचतो ती भाषा, असे साधे मुद्दे होते. सेक्रेटरींनी कागद नेला. परत आला तेव्हा त्यावर पेन्सिलीने पाचवा मुद्दा होता: "वडिलांची चूक. इंग्रजी शाळेत घातले, त्याचा खेद."

"हे कशाला?" मी विचारलं.

"गो, चेडवानच सांगितला म्हणजे मास्तराचो डाग गेलो. तुझ्या बापाशीच्या बऱ्यासाठीच सांगतंय."

डाग जाणार होता की माझ्या तोंडून पक्का होणार होता? बाबा पहिल्या रांगेत बसणार होते. मी कागद कपाटात साड्यांखाली ठेवला आणि त्यांना काही सांगितलं नाही.

मग एका दुपारी सेक्रेटरींची बायको आमसुलं घेऊन आली. मी चुलीपाशी नारळ खवत होते. ती आईच्या कानाशी लागली, पण तिचा आवाज काही कुजबुजायचा नव्हता.

"वयनी, कोणाक सांगू नका हां. आमच्या धाकट्या चेडवाक म्हापशाक घालूचा आसा. तुमच्या भावाकडे रवात?" मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "हिचा इंग्लिश किती बरा मगे!"

नवऱ्याला हे माहीत असेल का, यावर मी खूप विचार केला. आमसुलं त्याच्याच सायकलच्या पिशवीतून आली होती.

कार्यक्रम देवळाच्या सभामंडपात होता. कुठलंही काम सुरू करताना आमच्याकडे एक जाणता माणूस नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतो. तो दर वाक्याला थांबतो आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते झालं आणि लगेच मला उभं केलं. पहिला मुद्दा संपवून मी फुलीवर थांबले. टाळी नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

हसू फुटलं. दुसऱ्या फुलीवर चार जण म्हणाले, तिसऱ्यावर अर्धा मंडप. ही थट्टा होती की नुसती सवय, ते मला आजही ठरवता येत नाही. मला वाटलं, हेही सेक्रेटरींनीच पढवलंय. ते स्टेजवर माझ्या बाजूला बसून पाचव्या मुद्द्याची वाट पाहत होते. समोर पहिल्या रांगेत बाबा गाऱ्हाण्याला जोडलेले हात तसेच ठेवून बसले होते.

चौथ्या फुलीनंतर मी कागद खाली केला. माझं मराठी भाषण तिथेच संपलं. पुढचं तोंडातून आलं ते गाऱ्हाण्याच्याच चालीवर.

"जो कोण आपला मूल म्हापशाच्या शाळेत घालून बसलो आसा, नायतर घालूच्या इचारात आसा, त्याच्या मुलाक घरची भाषा इसराक दिव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप एका आवाजात म्हणाला. गाऱ्हाण्याला गप्प बसणं आमच्यात अशुभ. सेक्रेटरींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बायकांच्या बाजूला पाहिलं, आणि त्यांचेही ओठ हलले. मी शेवट न म्हणताच खाली उतरले.

घरी जाताना काजूच्या बागेपाशी बाबा म्हणाले, "कागदावर येगळा होता मगे?"

मी थांबले. "तुम्हाला कसं कळलं?"

"चष्मो सोधताना कपाटात कागद गावलो. सेक्रेटरीचा अक्षर माका कळाचा नाय? शाळेत मियाच गिरवून घेतलंय."

"मग मला काही बोलला का नाहीत?"

ते चालतच राहिले. "तू काय सांगतंस ता माका आयकूचा होता," ते म्हणाले.

म्हणजे पहिल्या रांगेत ते हात जोडून बसले होते ते गाऱ्हाण्यासाठी नव्हे, पाचव्या मुद्द्याच्या धास्तीने. सगळ्या मंडपावर मी संशय घेत होते, आणि बाबा माझ्यावर.