सातपुडा निळा कसा झाला

ब्रश धुवायच्या डब्यात वर टर्पेंटाइन नितळ दिसतं, आणि तळाला सगळ्या रंगांचा गाळ बसलेला असतो. किश्शांचं तसंच आहे. मी काही ते जमवायला गेलो नाही. जन्मभर बोर्ड रंगवले, गाळ आपोआप साचला. कोणी डबा हलवला की वर येतो. परवा एकाने हलवला, म्हणून लिहायला बसलो. चौथीपर्यंत शिकलोय. चुका काढायच्या असतील तर दुसरीकडे जा.

मी मूळचा धुळ्याकडचा, दुकान जळगावात. दुकानांच्या पाट्या, ट्रकवरची फुलं, निवडणुकीतले उमेदवार, सगळं रंगवायचो. घरोघरी नुकतं केबल येत होतं, तेव्हा एक दिवस हेमंत दुकानात शिरला. पुण्याच्या होस्टेलात राहून इंजिनियर झालेला. बरोबर त्याची चुलत बहीण शुभदा, शाळेत चित्रकला शिकवणारी. हेमंतने खिशातून एक फासा काढून टेबलावर टाकला. वीस बाजूंचा! मी म्हणालो, "हा तर बोरासारखा गोल आहे. थांबतो तरी कसा?"

"आबा, आम्ही एक खेळ बनवतोय," तो म्हणाला. "एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सातपुड्याच्या जंगलात शिरायचं, काय करायचं ते ज्याने त्याने ठरवायचं, जमलं की नाही ते फासा सांगतो. त्यातल्या भुतांची न् जनावरांची कार्डं तुम्ही रंगवायची."

"जिंकतं कोण?"

"कोणीच नाही."

"मग उठता कधी?"

शुभदा म्हणाली, "आई जेवायला ओरडते तेव्हा!"

असला बिनबुडाचा खेळ मला काही पटला नाही. घरी बायकोला तसं सांगत होतो. सांगता सांगता खिशात हात घातला, तर फासा माझ्याच खिशात!

* * *

पहिला वाद, चित्रं कोणत्या तऱ्हेची काढायची? हेमंतकडे एक परदेशी पुस्तक होतं. नुसत्या काळ्या रेघा, रंगच नाही. मी म्हणालो, "हे अर्धवट सोडलंय. मी तुम्हाला पुरा राक्षस काढून दाखवतो."

काढला. शिंगं, सुळे, सगळं घातलं. दोघं आले आणि बघतच राहिले. हेमंत म्हणाला, "आबा, याने हात का जोडलेत?"

मी बघितलं. खरंच जोडले होते! निवडणूक नुकतीच झालेली, हात आपल्या सवयीने चालला. वर तोंडभर हसूही होतं.

शुभदा म्हणाली, "आबा, राक्षस मत मागतोय!"

"मागू दे!" मी म्हणालो. "पडला तर पडला!"

* * *

मग मी कॅलेंडरची तऱ्हा करून बघितली. गुळगुळीत गाल, मोठे डोळे, मागे तेजाचं वलय. एक डाकीण काढली आणि घरी ओट्यावर वाळत ठेवली. सकाळी बघतो तर आमच्या मंडळींनी तिला हळद-कुंकू लावून जास्वंदाचं फूल वाहिलेलं!

"अगं, हाई डाकीण शे!" मी घरच्या अहिराणीत ओरडलो.

ती शांतपणे म्हणाली, "मंग काय झायं? तुमना हातनी शे, गरीबच ऱ्हाई."

तिथे कॅलेंडर संपलं. शेवटी ठरली ट्रकची तऱ्हा. रावेरहून केळी भरून निघालेल्या ट्रकच्या फाळक्यावर मोर बघितलात ना? जाड काळी आउटलाइन, आत सपाट रंग, कडेला पांढऱ्याचा एक फटकारा. शुभदा म्हणाली, "लांबून ओळखू येतं. आणि आपलं वाटतं." हेमंतने परदेशी पुस्तक पिशवीत टाकलं, ते परत काढलं नाही.

* * *

पुढचा वाद पॅलेटचा. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. शुभदा म्हणे, "आबा, सगळे रंग वापरायचे नाहीत. मोजके निवडायचे, म्हणजे सगळी कार्डं एकाच जंगलातली वाटतात."

"पोरी, माझ्याकडे जेवढे डबे उघडे आहेत तेवढे मोजकेच आहेत!"

तरी मी रंग कालवला. साधं पावसाळ्यातलं हिरवं जंगल, माणसांना आपल्याकडच्या माणसांचा सावळा रंग, हातात पिवळी मशाल. पहिली पाच-सहा कार्डं ओळीने मांडली. हेमंतने चपला काढल्या आणि खाली बसला.

"आबा, हे सुचलं कसं तुम्हाला? निळं जंगल! जांभळी माणसं! आणि मशालीचा उजेड चांदण्यासारखा पांढरा!"

मी कार्डाकडे बघितलं. हिरवं होतं. परत बघितलं. हिरवंच! शिकलेल्या माणसांची ही बोलायची रीत असेल, असं मला वाटलं. म्हणालो, "अनुभव लागतो."

पण मनात एक किडा शिरला. ही दोघं नेमकं बघतात तरी काय?

* * *

किडा कोणी बाहेर काढला सांगू? रावेरच्या एका केळीवाल्याने. त्याच्या वखारीचा मोठा बोर्ड केला होता, मधोमध केळीचा घड. बोर्ड न्यायला आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आबा, केळी पांढरी कायले केली?"

"पिवळी आहे. डोळे तपास!"

"मी केळीतच जन्मलो आबा. ही केळी नाही, मुळे आहेत!"

मी रस्त्यावरच्या लोकांना बोलावलं. पानवाला म्हणाला मुळे. रिक्षावाला म्हणाला मुळे. आमच्या मंडळी डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनी बोर्ड बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "तुमले दिखस तरी का?"

दुसऱ्या दिवशी हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

* * *

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी समजावलं, "आबा, तुम्ही पिवळ्या काचेतून बघताय. सगळं पिवळट दिसतं, म्हणून तुम्ही निळा ओतत राहिलात, आणि पांढराच पिवळा भासल्याने पिवळा लागेचना."

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा लावून दुकानात आलो. कार्डं मांडलेलीच होती. मी एक उचललं.

"हे कोणी रंगवलं रे?"

"तुम्हीच, आबा," हेमंत म्हणाला.

जंगल निळं होतं. अगदी निळं! अशा जंगलात मी जन्मात गेलो नव्हतो, आणि माझ्याच हाताने रंगवलेलं होतं! डावा डोळा मिटला की निळं, उजवा मिटला की हिरवं. कितीतरी वेळ मी पाळीपाळीने डोळे मिटत बसलो. गिऱ्हाईक आलं ते मला वेडा समजून निघून गेलं.

* * *

आता एकच कार्ड राहिलं होतं, राखणदाराचं. जंगलाच्या पलीकडच्या तोंडाशी तो बसतो. तो सोडेल तरच बाहेर पडता येतं. हेमंतचे खेळगडी महिनाभर त्याच्यापुढे अडकून बसलेले, कारण कार्ड झाल्याशिवाय हेमंत पुढची गोष्ट सांगेना.

मी नव्या डोळ्याने राखणदार रंगवला. अंग सावळं, मशाल पिवळी, झाड हिरवं. शुभदाने तो बाकीच्या कार्डांशेजारी ठेवला आणि खाली मान घातली. "चांगला आहे आबा. पण हा शाळेतल्या तक्त्यातला आहे. आपल्या जंगलातला नाही."

तिचं खरं होतं. परत कालवला, परत तक्ता. माहीत असून तो निळा येईना! डब्यातून मोजून ओतला तरी नुसता रंग यायचा, जंगल यायचं नाही.

हेमंत हळूच म्हणाला, "आबा, नवा डोळा झाका ना."

"आणि डाव्याचा मोतीबिंदू काढायची तारीख जवळ आलीय, त्याचं काय?"

डॉक्टरांना जाऊन विचारलं, थोडं पुढे ढकलता का? ते म्हणाले, "पिकलाय आबा. आणखी थांबलात तर दिसायचंच बंद होईल." म्हणजे तो निळा तेवढ्या दिवसांचाच सोबती.

उजव्या भिंगावर कागद चिकटवून बसलो. जंगल आलं! हात, मशाल, जटा, सगळं आलं. पण आमच्या धंद्यात डोळे शेवटी काढतात, माणूस असो की देव. आणि डोळे राहिले असताना तारीख उजाडली.

* * *

कार्ड, दोन बारके ब्रश आणि रंगाच्या वाट्या घेऊनच दवाखान्यात गेलो. नर्सबाई डोळ्यात थेंब टाकायला आल्या. म्हणालो, "बाई, याचे डोळे होईपर्यंत माझ्या डोळ्याला हात लावायचा नाही!" त्या तणतणत डॉक्टरांना बोलवायला गेल्या. दारात हेमंत न् शुभदा उभे.

मी उजवा डोळा झाकला आणि राखणदाराचा एक डोळा काढला. मग हात थांबला. कसं दिसतं ते बघावंसं वाटलं. उजवा उघडून डावा झाकला, आणि त्याचा दुसरा काढला.

डॉक्टर आले ते रागातच. कार्ड हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवून जवळून बघितलं, आणि राग कुठल्या कुठे गेला.

"आबा, याचे दोन डोळे दोन रंगांचे का हो?"

"माझे तरी एका रंगाचे कुठे ठेवलेत तुम्ही!"