पट्टी उतरवली, लय तशीच राहिली

अन्याय झाला तो आमच्या चाळीतल्या महिला भजन मंडळाच्या बुवांवर, गेल्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, संध्याकाळी, पेटी खोक्यातून बाहेर निघायच्या आधी. बुवा म्हणजे बाईच. आमच्याकडे भजनात पुढे बसून ओळ देणाऱ्याला बुवा म्हणतात, मग ती बाई असली तरी. मी तिला काकी म्हणते. लालबागला आमच्या आणि तिच्या खोलीत एक भिंत आहे. हे सगळं मी तिला विचारून लिहितेय. "लिही," ती म्हणाली. "आता काय लपवूचा रवला?"

आधी भांडण काय ते सांगते. आमची अर्धी चाळ रिकामी झालीय. ज्यांनी बिल्डरच्या कागदांवर सह्या केल्या ते भाडं घेऊन बाहेर गेले. आम्ही काही बिऱ्हाडं राहिलो, कारण आमचं म्हणणं एवढंच होतं की करार नोंदवा, मग आम्ही स्वतःच्या हातानं कुलूप लावू. चाळीच्या पुनर्विकास समितीच्या अध्यक्षांना एवढंसुद्धा जड झालं. मग एके दिवशी आमच्या बाजूच्या मोऱ्यांमधून पाणी उलटं वर यायला लागलं. नुसतं पाणी नव्हे, वरच्या मजल्यांची घाण. प्लंबरनं पाइप फोडला तर आत सिमेंट. दगडासारखं बसलेलं. समितीनं बोर्डावर लिहिलं, पाइप जुने आहेत, रहिवाशांनी सहकार्य करावं.

काकीनं बघितलं होतं. दुपारी ती गॅलरीत पापड वाळत घालत होती, तेव्हा अध्यक्षांचा पुतण्या आणि आणखी एकजण घमेलं घेऊन आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पापड वाळत घालणाऱ्या बाईकडे कोण बघतंय?

काकी एकटी राहते. मुलगी लग्न होऊन बदलापूरला. चाळीचे संडास गॅलरीच्या टोकाला, आणि त्याला लागूनच कॅरमची खोली, जिथे तो पुतण्या दिवसभर असतो. म्हणजे दिवसातून जितक्या वेळा जायचं तितक्या वेळा त्याच्या दारावरून. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण 'घाबरायचं काय त्यात' असं म्हणणारे सगळे फ्लॅटमध्ये राहणारे असतात.

ती आमच्या व्हिडिओत बोलायला तयार होती, नावाशिवाय. आवाज बदलू असं मी म्हटलं.

दादरला माझा एक मित्र ऑर्केस्ट्रावाल्यांचे ट्रॅक करून देतो. गायिकेचा घसा बसला, काळी पाचच्या उंच पट्टीत जमत नाहीये, की ती याच्याकडे येते. हा तिचा ट्रॅक काळी तीनवर उतरवून देतो. ठेका तोच, गाण्याची लांबी तीच, नाचणाऱ्यांना कळतसुद्धा नाही. पूर्वी कॅसेट सावकाश फिरवली की आवाज जाड व्हायचा, पण गाणंही रेंगाळायचं. आता कॉम्प्युटर पट्टी वेगळी काढतो आणि लय वेगळी ठेवतो. मी त्याला म्हटलं, बाईचा पुरुष कर, एवढा उतरव.

आम्ही पुष्कळ विचार केला होता बरं का. काकीला एकही मालवणी शब्द वापरू दिला नव्हता. बाई बोलतेय हे कळेल असं एकही वाक्य ठेवलं नव्हतं. मागे कुकरची शिटी नको म्हणून माझ्या खोलीत, दार लावून रेकॉर्ड केलं होतं. मित्रानं हेडफोन काढून एकच गोष्ट विचारली. "या मध्येमध्ये फार थांबतात. ती जागा कापू का? टाइट होईल."

मी नाही म्हटलं. आमच्या रहिवासी गटाचा नियम आहे की साक्षीतला एक श्वासही कापायचा नाही. आमच्या आधीच्या व्हिडिओला समितीनं 'जोडतोड केलेला' म्हणून उडवून लावलं होतं. यावेळी मूळ रेकॉर्डिंग आणि बदललेलं रेकॉर्डिंग शेजारी ठेवलं तर दोन्ही तंतोतंत एकाच लांबीची निघाली पाहिजेत, म्हणजे कोर्टातही कुणाला बोट ठेवता येणार नाही. तो नियम मला आजही बरोबर वाटतो.

काकीला ऐकवलं तेव्हा तिनं फोन कानाला लावला, मग लांब धरून त्याच्याकडे बघितलं.

"ह्यो कोण बाप्या?"

"तूच गं काकी."

"माझो घोव पण असो बोलूक नाय कधी," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

फुटलेल्या पाइपाच्या व्हिडिओवर तो आवाज चढवून आम्ही रविवारी सोडला. सोमवारपर्यंत चाळीच्या ग्रुपवर आला.

सोमवारी तळमजल्याच्या खोलीत भजन. बायका जमल्या होत्या, चहा चालला होता, काकी पेटीचं खोकं पुढ्यात घेऊन बसली होती आणि मी दारात. कुणीतरी म्हणालं, अगो ती पाइपाची क्लिप बघितलीत का, आणि फोन मोठ्या आवाजात लावला.

फोनमधून जड, पुरुषी आवाज आला. "मला दिसले ते दोघं होते." मग तो आवाज थांबला.

आता त्या थांबण्यातली काकी मी आधी का ऐकली नाही हे मला विचारू नका. मी शब्द ऐकत होते. काकी गेली कित्येक वर्षं ओळ देतेय. ओळ द्यायची, मग मागच्या बायका ती म्हणेपर्यंत थांबायचं, मग पुढची. ती बोलतेही तशीच. भाजीवाल्याशी भांडतानासुद्धा एक वाक्य टाकते आणि कोरसला जागा ठेवते. आम्हाला सवय झालीय म्हणून कानाला लागत नाही. पट्टी पार खाली गेली होती, पण ती जागा तशीच होती, अगदी तेवढीच.

"एकाच्या हातात घमेलं होतं," आवाज म्हणाला.

आणि मागच्या रांगेतली एक बाई, टाळांची दोरी सोडवत असताना, न बघता, सहज म्हणाली, "घमेलं होतं."

दोघीतिघी हसल्या. तिला स्वतःलाही कळलं नव्हतं ती काय बोलली.

"घमेल्यात ओलं सिमेंट होतं." यावेळी चार-पाच जणींनी ओळ उचलली, हसत हसत, मान डोलवत. "पाइपात ओतलं त्यांनी." तोवर सगळी खोली. गोड लयीत. कुणी टाळही वाजवला. मग हसता हसता एकेकीची नजर काकीकडे गेली आणि हसू तिथल्या तिथे मेलं. काकीचे दोन्ही हात खोक्यावर होते. ती जमिनीकडे बघत होती. मी दारातून मागे वळून जिन्याकडे बघितलं, कुणी ऐकतंय का म्हणून.

त्या बायकांना मी दोष देत नाही. त्यातल्या कुणाला तिचं वाईट करायचं नव्हतं. दोष मी त्या एका माणसाला देते ज्यानं बायकोकडून हा किस्सा ऐकला आणि ग्रुपवर लिहिलं, 'आमच्या बुवांचा घसा बसला वाटतं', आणि खाली हसणारी तोंडं टाकली. त्याच ग्रुपवर पुतण्या आहे. खाली आणखी लोकांनी हसणारी तोंडं टाकली. शिकलेली माणसं. एकानंही 'काढून टाक' म्हटलं नाही. मी म्हटलं, तर मला 'ताई, जोक होता' असं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. आधी संडासाच्या बोळातला बल्ब गेला. आम्ही लावला, परत गेला. मग संध्याकाळी दिवेलागणीला कुणीतरी गॅलरीतून चालत यायला लागलं, फोनवर ती क्लिप लावून. घाई नाही. सपाता घासत. तो जाड आवाज जिन्यापासून सुरू व्हायचा, एकेक दार ओलांडत आमच्याकडे यायचा, काकीच्या दारासमोर थांबायचा. आणि मधल्या त्या मोकळ्या जागेत तो माणूस तिच्या दारावर बोटानं टकटक करायचा. एक वाक्य, टकटक. एक वाक्य, टकटक. मी भिंतीला कान लावून बसायचे. पलीकडून काहीच आवाज नसायचा, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

एकदा मी दार उघडून बाहेर गेले. पत्रकं वाटताना मी भल्याभल्यांशी भांडलेय. पण त्यानं माझ्याकडे बघून फक्त फोन माझ्या कानापर्यंत वर उचलला. मी आत आले. कडी लावली. कडी लागलीय का ते पुन्हा पाहिलं.

काकीनं पाणी पिणं कमी केलं, म्हणजे बोळात जावं लागू नये. गेलीच तर मला भिंतीवर थाप मारायची आणि मी सोबत जायचे. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून, मोबाइलच्या उजेडात, कॅरमच्या खोलीवरून. सोंगट्यांचा आवाज आम्ही आलो की थांबायचा.

चौकीत गेलो. साहेबांनी क्लिप ऐकली आणि म्हणाले, यात तर पुरुष बोलतोय, बाईंचा काय संबंध? तुमचं नाव घेतलं का कुणी? दारावर टकटक करणं हा गुन्हा कुठला लावू? ते वाईट बोलले नाहीत, चहाही विचारला. बाहेर आल्यावर काकी म्हणाली, "ह्येंनी माका वळखूक नाय. फक्त ह्येंनीच."

श्रावण संपायच्या आत पाइपाच्या तक्रारीवर वॉर्ड ऑफिसात सुनावणी लागली. मी काकीला सांगितलं, येऊ नकोस, क्लिप देऊ. ती म्हणाली, ज्यांच्यापासून लपायचं होतं त्यांना कळलंय, मग लपून कुणापासून राहू? नऊवारी नेसली, आली. अध्यक्ष समोरच्या खुर्चीत, पुतण्या त्यांच्या मागे उभा. काकी उठली आणि स्वतःच्या आवाजात सगळं बोलली. दोघं, घमेलं, सिमेंट, पाइप. नाव घेऊन बोलली.

पण एका दमात बोलली. कुठेही न थांबता, एका वाक्यावर दुसरं वाक्य आपटत, कुणीतरी मध्येच तोंडावर हात ठेवेल अशा घाईत. अधिकाऱ्यांना दोनदा 'सावकाश' म्हणावं लागलं. इतक्या वर्षांत मी तिला तसं बोलताना ऐकलं नव्हतं. डोळे मिटून ऐकलं असतं तर मी तिला ओळखलं नसतं.

पाइप बदलायचा आदेश निघाला. पुतण्यावर कारवाई 'चौकशीनंतर'. भजन बंद आहे. मंडळातल्या बायका दोनदा घरी येऊन रडून गेल्या. काकीनं त्यांना चहा दिला, पेटी दिली नाही. संध्याकाळची टकटक थांबलीय, पण दिवे लागले की ती अजून दाराकडे पाठ करून बसत नाही. मीही नाही.

शेजारच्या गल्लीतल्या चाळीत आता हेच सुरू झालंय. तिथेही पाहिलेलं कुणीतरी आहे, आणि बोलायला तयार आहे. बाई की पुरुष, ते मी सांगणार नाही. आवाज आम्ही बदलू, यावेळी काहीही न कापता, एकूण लांबी तीच ठेवून लयही बदलू, आणि तरीही काहीतरी उरेलच, कारण माणूस पूर्ण पुसता येत नाही. ती क्लिप फिरत फिरत तुमच्याकडे येईल. तुम्ही परळचे असाल, लालबागचे असाल, तर तुम्ही ओळखालही. नवऱ्याला सांगू नका. बायकोला सांगू नका. ग्रुपवर हसणारं तोंड टाकू नका. दारात कुणी फोन धरून 'हा अमकाच ना?' असं विचारायला आला तर त्याच्या डोळ्यांत बघून 'माहीत नाही' म्हणा आणि दार लावून घ्या.