फुवांच्या तारेला थंडी हवी होती

तारेचा नाद माणसाला किती लागावा, याची हद्द आमच्या फुवांनी केव्हाच ओलांडली होती. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पण नंदुरबारात सगळेच त्यांना फुवा म्हणत. धंदा विजेच्या जळक्या मोटारींच्या गुंडाळ्या नव्याने भरण्याचा. लग्नाच्या पंगतीतही बोटांभोवती तार गुंडाळत बसत, आणि वाढप्याला एका हातानेच थांबवत. साठ सालाच्या पुढेमागे एका मासिकात त्यांनी वाचले की, काही धातूंच्या तारा भयंकर थंड केल्या की विजेला काडीचाही अडथळा करत नाहीत; मात्र एखाद्या ठिकाणी जराशी ऊब शिरली, की सगळी तार बिथरते. झाले, त्या दिवसापासून फुवाच बिथरले. तांब्याच्या नळीत शिसे ओतून, सोनाराच्या भोकांच्या पट्टीतून ओढओढून त्यांनी सुतळीएवढी तार काढली. आत्याने पाहुण्यांच्या सरबतासाठी सुरतेहून भुशात गुंडाळलेला बर्फ मागवला होता. तो सगळा त्या तारेला गेला. पाहुणे कोमट सरबत पिऊन परतले आणि फुवा मीटरकडे बघत म्हणाले, "तार चांगली शे. थंडीच कमी पडी ऱ्हायनी."

पण तारेचे ते बिथरणे ओळखायची एक युक्ती त्या नादात त्यांना सुचली होती, ती त्यांनी सोडली नाही. गावच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कापसातले खिळे ओढून घेणारे विजेचे लोहचुंबक होते, त्याची गुंडाळी फुवांनीच भरलेली. तिच्या मधोमध त्यांनी एक तार काढली, दोन्ही अर्धे भाग मीटरच्या एका काट्याला जोडले आणि काटा कलला की वाजेल अशी घंटी लावली. "जोडीमा एक बैल लंगडना का जू कलस. हाई बी तसंच," ते म्हणत. लोक हसत.

भर हंगामात, तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांच्या कापसाने आवार भरलेले असताना, घंटी वाजली. फुवांनी कुणाला न विचारता इंजिन बंद करवले. मालक तणतणत आले, गुंडाळीवर हात ठेवून म्हणाले, "थंडीगार शे! फुवा, तुम्हनंच डोकं गरम व्हयनं. काही निंघनं नही ते उद्यापासून इथं येऊ नका."

"वरथून थंडी शे. पोटमा देखा," फुवा म्हणाले, आणि थरामागून थर उलगडत बसले. सातव्या थराखाली तारेवरचे वेष्टण काळे पडून धुरकटत होते. आणखी थोडा वेळ गेला असता, तर वर्षभराचे सगळ्यांचे पीक पेटले असते. मालकांनी डोक्यावरची टोपी काढून फुवांच्या डोक्यावर ठेवली. शेतकऱ्यांनी त्यांना कापसाच्या गाडीवर बसवून घरापर्यंत नेले. त्या दिवशी आत्यानेही बर्फाचा राग सोडला.

पुढे फुवा अंथरुणाला खिळले. तेव्हा मी वर्तमानपत्रात वाचले की, परदेशात तसल्या, विजेला अडथळा न करणाऱ्या तारेची चुंबके खरोखरच तयार झाली, भयंकर थंड अशा द्रवरूप हेलियमात बुडवून. मी धावत जाऊन सांगितले. उशाखालचे ते शिशाच्या तारेचे वेटोळे चाचपत त्यांनी विचारले, "मंग तिले पुरी थंडी भेटनी ना रे?"

"भेटनी, फुवा."

"बरं व्हयनं," ते म्हणाले, आणि वेटोळे माझ्या हातात दिले. ते त्यांच्या हातात राहून ऊबदार झाले होते.