दुप्पटरावांची पाचवी डिस्क

दुप्पटराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कुठलीही वस्तू एकटी घरात येऊ द्यायची नाही, हा या माणसाचा नेम, म्हणून लोकांनी ते गळ्यात बांधलं. चष्मे दोन, छत्र्या दोन, नेलकटरसुद्धा दोन. घराच्या किल्ल्या दोन आणि त्यातली एक शेजारच्या काकूंकडे. "एक हरवली तर?" हा प्रश्न त्यांच्या तोंडात सुपारीसारखा कायम घोळत असायचा. "बायको बरी एकच केलीत," असं कुणी चिडवलं, की आतून खणखणीत उत्तर यायचं, "दुसरी आणून दाखवा म्हणावं, मग पहिली काय करते ते कळेल!"

तो आवाज बाईंचा. बाई म्हणजे दुप्पटरावांची बायको. शाळेत शिकवायच्या, त्यामुळे साऱ्या गल्लीच्याच त्या बाई झाल्या होत्या. आवाज असा, की शाळेतले शिपाई म्हणत, बाईंना माइक लागत नाही, माइकलाच बाई लागतात. वरच्या मजल्यावर पाढे घेतले की खालच्या वर्गातल्या पोरांचेही पाठ व्हायचे.

दुप्पटरावांचा धंदा लग्नांच्या व्हिडिओंचा. चित्रण दुसरेच करत, हे घरी बसून ते कापत, जोडत, त्यावर संगीत घालत. मागची छोटी खोली त्यांनी कामाला घेतली होती. बाहेरचा गोंगाट नको म्हणून दाराला आतून जुनी गादी ठोकलेली, टेबलावर दोन पडदे, कानावर हे एवढाले हेडफोन. दुनियेची लग्नं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये, पण स्वतःच्या घरची एक फीत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एकदा कॉम्प्युटरमधली डिस्क बंद पडली आणि एका मुलीचं अख्खं लग्न घेऊन गेली. मुलीचा बाप दारात येऊन उभा राहिला. भांडला नाही, नुसता उभा राहिला. त्या दिवशी दुप्पटरावांनी मेव्हण्याला बोलावून घेतलं. मेव्हणा म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्याने एका पेटीत चार डिस्क बसवल्या आणि भावोजींच्या डोक्यात शिरेल अशा भाषेत सांगितलं.

"हे बघा भावोजी. कपाट एकट्या हमालाने उचललं तर जिना चढता चढत नाही. दोघांनी धरलं की झपाझप वर. तसं तुमचं काम पहिल्या दोन डिस्क अर्धं अर्धं वाटून घेणार. म्हणून वेग. पण दोघांतला एक जरी पडला तरी कपाट गेलंच. म्हणून प्रत्येकाच्या मागे एक जुळा उभा केलाय. पुढचा करेल ते मागचा त्याच क्षणी करणार. पुढचा मेला तरी जुळा हजर."

वेग दुप्पट आणि वर राखणही दुप्पट! दुप्पटरावांना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

"पण एक लक्षात ठेवा," मेव्हणा म्हणाला. "याला बॅकअप म्हणू नका. जुळा विचार करत नाही, नक्कल करतो. पुढच्यावर पुसलंत की मागच्यावरही पुसलं जाणार. पाचवी एक घ्या, दर आठवड्याला तिच्यावर प्रत काढा, आणि ती माझ्या घरी ठेवा. या घरात नको."

"अरे, चार पहारेकरी दारात असताना पाचवा कशाला? आणि पुसायला मी काय खुळा आहे?"

"तुम्ही नाही हो. पण हात कुणाचाही लागतो."

पालथ्या घड्यावर पाणी. मेव्हणा जाताना एक रिकामी डिस्क टेबलावर ठेवून गेला. दुप्पटरावांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली, छत्रीच्या तुटक्या मुठीशेजारी.

पुढच्या वर्षी बाईंचा आवाज बसला. आधी वाटलं, शाळेतला खडू. मग वाटलं, थंडी. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि नवरा-बायको दोघांनाही खुर्चीत बसायला सांगितलं. आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. श्वास मानेला पाडलेल्या भोकातून, आणि बोलणं बंद. कायमचं. बाई रिक्षात बसल्या आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं पोरांची बोलती बंद केली. आता माझी पाळी."

शस्त्रक्रियेला थोडा अवकाश होता. दुप्पटरावांनी ठरवलं, आवाज जाणार असेल तर जाऊ दे, पण प्रत ठेवून जाऊ दे. बाईंना मागच्या खोलीत बसवलं, पुढ्यात माइक ठेवला. बाई बोलत गेल्या. हजेरी, पाढे, वर्तमानपत्र, माहेरच्या गमती, 'टॉवेल पलंगावर टाकू नका', 'चहा गार झाला'. आवाज घोगरा झाला होता, तरी बाईंचाच होता.

"आता रागावून दाखव," दुप्पटराव म्हणाले.

"रागावण्याजोगं काही करा, आपोआप रागावेन."

"अगं, नंतर लागेल."

"कोणाला?" बाईंनी विचारलं. दुप्पटराव केबल सरळ करत बसले. तेवढं एक उत्तर त्या ध्वनिमुद्रणात नाही.

सगळं त्या चार डिस्कांवर गेलं. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, पाचवीवर प्रत काढून मला द्या. मलाही ऐकायला होईल." दुप्पटराव म्हणाले, येत्या रविवारी. मग त्याच्या पुढच्या रविवारी.

शस्त्रक्रिया झाली. बाई घरी आल्या, मानेला नळी, वर जाळीचं फडकं. मेव्हण्याने त्यांच्या फोनवर बटणं करून दिली. दाबलं की बाईंचाच आवाज बोलायचा. पहिले काही दिवस बाईंनी दाबून पाहिलं. मग सोडून दिलं. आपण वैतागलेले असताना फोन हसऱ्या आवाजात 'चहा गार झाला' म्हणतो, तेव्हा अंगाचा तिळपापड होतो. त्यांनी पाटी घेतली, नवऱ्याला हाक मारायला एक स्टीलची वाटी आणि चमचा घेतला. चमचा वाटीवर वाजला की यायचं.

दुप्पटराव यायचे. पण पाटीवर लिहून होईपर्यंत उभं राहण्याचा धीर त्यांना नव्हता. ओठ वाचायला जमत नव्हतं. त्या ओठ हलवायच्या, हे "हो हो" म्हणायचे आणि भलतंच काही आणून द्यायचे. दोघांनाही शरम वाटायची. मग ते मागच्या खोलीत जायचे, काम आहे म्हणून सांगायचे, आणि हेडफोन लावून बायकोला ऐकत बसायचे. तिथे बाई भरभरून बोलायच्या. तिथे काही विचारावं लागत नव्हतं, काही चुकत नव्हतं. कधीकधी ते एकटेच हसायचे. स्वयंपाकघरात बसलेल्या बाईंना ते हसणं ऐकू यायचं. आवाज गेला होता, कान शाबूत होते.

एका संध्याकाळी बाईंच्या मानेच्या नळीत कफ वाळून अडकला. श्वास येईना. साफ करायची नळी हातातून निसटून ओट्याखाली गेली. त्यांनी वाटी घेतली आणि चमचा हाणायला सुरुवात केली. मागच्या खोलीत दुप्पटराव हेडफोन लावून बसले होते. कानात बाई सांगत होत्या, की लहानपणी भावाने त्यांची रिबीन बोकडाच्या शिंगाला कशी बांधली. जिवंत बायको वाटी बडवत होती आणि नवरा तिचीच गोष्ट ऐकून हसत होता.

भिंतीपलीकडून काकूंनी ऐकलं. वाटी अशी कुणी वाजवत नाही, हे त्यांना कळलं. त्यांच्याकडे ती दुसरी किल्ली होती. त्या आत आल्या तेव्हा बाई निळ्या पडल्या होत्या. काकूंनी आपल्या हातांनी मानेतली नळी मोकळी केली आणि मग मागच्या खोलीत जाऊन दुप्पटरावांच्या कानावरचे हेडफोन ओढून काढले. स्वयंपाकघराकडे नुसतं बोट केलं. तोंडात मारली असती तर बरं, असं दुप्पटरावांना वाटलं.

त्यानंतर लाजेने त्यांनी बाईंच्या आवाजाचा फोल्डर उघडला नाही. नव्या लग्नांचं चित्रण आलं होतं, ते डिस्कांवर ओतलं आणि मान खाली घालून कापत बसले. आठवडा गेला. मग मन राहीना. उघडायला गेले तर फोल्डर नाही.

आधी घाबरले नाहीत. जुळा आहे की! त्यांनी मेव्हण्याला फोन केला. त्याने विचारलं, "कधी पुसलं गेलं? आणि त्यानंतर वर किती ओतलंत?"

"दोन लग्नं."

मेव्हणा दुकान बंद करून आला. चारही डिस्क तपासल्या. चारही ठणठणीत. एकीलाही ओरखडा नाही, आणि चारींवर आवाज नाही. पुढच्यावर पुसलं त्याच क्षणी मागच्यावर पुसलं गेलं होतं आणि त्या जागेवर आता दोन अनोळखी नवऱ्या नटून बसल्या होत्या. बाईंच्या फोनवरची बटणंही गेली होती.

दुप्पटराव स्वयंपाकघरात गेले. "तू पुसलंस?"

बाईंनी मान हलवली. हो.

"का?" ते ओरडले. तेवढ्या मोठ्याने ते उभ्या संसारात ओरडले नव्हते.

बाईंनी हात पुसले, पाटी घेतली आणि वर्गातल्यासारखं ठसठशीत लिहिलं. 'दोघींना सांभाळणं तुम्हाला झेपत नाही. वाटी वाजवते तिच्याकडे लक्ष द्या.'

दाराशी मेव्हणा उभा होता. त्याने ते वाचलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसला. "माझी पण ताई होती ना त्यात," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. बाईंच्या हातातली पाटी खाली आली. त्यांच्या हिशेबात नवरा होता, भाऊ नव्हता. त्या त्याच्याजवळ जाऊन बसल्या, त्याचं डोकं धरलं, ओठांनी काहीतरी म्हणत राहिल्या. मेव्हणा जाताना भावोजींना एवढंच म्हणाला, "किल्ली तेवढी शेजारी ठेवायचं सुचलं तुम्हाला."

दुप्पटरावांनी अबोला धरला. ज्या घरात एकीला आवाजच नाही, तिथे दुसऱ्यानेही तोंड मिटलं की काय राहतं? नळ गळायचा तेवढाच बोलायचा. हा बावळटपणा बरेच दिवस चालला. शेवटी एका सकाळी वाटी वाजली आणि ते गेले. बाईंनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. ते बसले. बाईंनी हळूहळू, पहिलीच्या पोराला शिकवावं तसे, ओठ हलवले. चुकलं की पुन्हा. पुन्हा चुकलं की टपली. काही महिन्यांत दुप्पटराव बाईंचे ओठ वाचायला शिकले. बाई पूर्वीइतक्याच बोलायला लागल्या आणि पूर्वीइतक्याच टोचून. मागच्या खोलीच्या दाराची गादी दुप्पटरावांनी काढून टाकली, वाटी ऐकू यावी म्हणून. ते दिवस चांगले गेले. आवाज गेल्याचं दुःख होतंच, पण बायको समोर होती.

मग आजार परतला. या वेळी डॉक्टरांनी खुर्चीत बसायलाही सांगितलं नाही, उभ्या उभ्याच सांगितलं.

शेवटच्या दिवसांत बाईंचे ओठही थकले. दिवसातून एखाददुसरं वाक्य. एका सकाळी ऊन खाटेवर आलं होतं, पंखा कुरकुरत होता. बाईंनी डोळे उघडले, दुप्पटरावांचा हात धरला आणि त्यांना जवळ बोलावलं. काहीतरी मोठं बोलायचं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. आणि दुप्पटरावांच्या मनात तोच जुना प्रश्न आला, हरवलं तर? ओठांची तरी प्रत राहू दे. "थांब, थांब हं," म्हणत त्यांनी खिशातून फोन काढला. मान खाली घालून ते बटण शोधू लागले. दुसऱ्या चष्म्यासाठी खिसा चाचपला. बटण सापडलं, फोन वर धरला, तेव्हा बाईंचे ओठ मिटलेले होते.

"झालं बोलून?" त्यांनी विचारलं. "पुन्हा बोल की गं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या. हात उचलून त्यांनी फोन हळूच खाली केला आणि तोच हात त्यांच्या गालावर ठेवला. पुन्हा काही बोलल्या नाहीत. दुपारी त्या गेल्या.

फोनमध्ये तेवढी फीत आहे. मिटलेले ओठ, वर येणारा हात, मग छत. दुप्पटरावांनी ती चार डिस्कांवर घातली. मग ड्रॉवर उघडला, छत्रीच्या मुठीशेजारची पाचवी डिस्क काढली, तिच्यावर प्रत केली आणि ती घेऊन मेव्हण्याच्या घरी गेले.

"काय आहे यात?" मेव्हण्याने विचारलं.

"तुझी ताई."

मेव्हण्याने हात पुढे केला. "आवाज आहे?"

"आहे," दुप्पटराव म्हणाले. "पंख्याचा."

मेव्हण्याने डिस्क दोन्ही हातांनी घेतली आणि आत नेऊन कपाटात ठेवली.